प्लँटेन टी-शर्ट पॅटर्न: घरच्या मशीनवर, आपल्याकडच्या कापडात

कापड कापायचा कागदी पॅटर्न फुकटचा म्हटला की आधी शंका येते आणि ती रास्तच आहे, नेटवर फुकट म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पॅटर्नमध्ये मुंढा (बाही जोडायची जागा) एका मापाचा आणि बाही भलत्याच मापाची अशी गत असते. प्लँटेनचं तसं नाही. डिअर अँड डो ही फ्रान्समधली छोटी पॅटर्न कंपनी आहे, त्यांचे बाकीचे पॅटर्न विकत घ्यावे लागतात पण हा टी-शर्टचा पॅटर्न ते पीडीएफमध्ये फुकट देतात, सूचना इंग्लिश आणि फ्रेंच दोन्हीत. मी यावरून स्वतःसाठी, बहिणीसाठी आणि भाचीसाठी टॉप शिवलेत, तिघींचे बांधे वेगळे, कापडंही वेगळी, त्यामुळे आता याबद्दल नीट सांगता येईल असं वाटतं. पहिलंच सांगते, हा पॅटर्न घ्याच. फक्त कापड या पॅटर्नला साजेसं घ्या. कपाटात पडलेलं कुठलंतरी होजिअरीचं कापड काढून यावर कात्री चालवू नका, कारण निटचा, म्हणजे टी-शर्टसारख्या विणलेल्या ताणणाऱ्या कापडाचा, टॉप चांगला होणार की नाही हे निम्म्याहून जास्त कापडावर ठरतं, आणि आपल्याकडे शिवणाच्या क्लासमध्ये ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फ्रॉक सगळं शिकवतात पण निटच्या कापडाबद्दल कुणी धड बोलत नाही.

डिझाइन अगदी साधं. गोल खोलगट गळा, त्याला त्याच कापडाची पट्टी, खांद्यापासून छातीपर्यंत अंगाबरोबर आणि कंबरेपासून खाली हळूहळू सैल होत जाणारा घेर. बाही तीन प्रकारची, हाफ, थ्री-फोर्थ आणि फुल, आणि फुल बाहीवर हवे असतील तर कोपराला लावायचे पॅच. एवढंच. पोट आणि सीट सुटी राहते म्हणून बाजारातल्या टी-शर्टसारखा तो कंबरेला चिकटून वर गोळा होत नाही, बसलं उठलं तरी सतत खाली ओढत बसावं लागत नाही. आणि तरीही तो पोत्यासारखा दिसत नाही कारण खांदा बरोबर खांद्यावरच बसतो. माझ्या मते या पॅटर्नचं खरं काम तिथेच आहे, खांदा, मुंढा आणि छाती. हे तीन बरोबर असले की खालचा घेर कसाही कमीजास्त करता येतो.

सायझिंगबद्दल मात्र आधीच सावध करते. पॅटर्नवर युरोपियन नंबर आहेत, 36, 38, 40 असे, आणि आपल्याकडे ज्यांना ब्लाउजच्या तयार पेपर कटिंगची सवय आहे त्या 38 नंबर बघितला की तो छातीचा इंच समजून कापायला घेतात. तो इंच नाही! 38 इंच म्हणजे साडेशहाण्णव सेंटिमीटर होतात आणि युरोपचा 38 त्यापेक्षा बराच लहान असतो. त्यामुळे नंबर विसरा, टेप घ्या, छाती, कंबर आणि सीट सेंटिमीटरमध्ये मोजा आणि त्यांच्या तक्त्यात बघा. टेपच्या मागच्या बाजूला सेंटिमीटर असतातच, आपण कधी वळून बघत नाही एवढंच. छाती एका सायझमध्ये आणि सीट दुसऱ्यात येत असेल तर छातीचा सायझ धरा, सीटला घेर भरपूर आहे, तिथे सहसा काही करावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, तयार कपड्याचं माप अंगाच्या मापाएवढं किंवा कुठे कमीसुद्धा असू शकतं, ते बघून घाबरून एक सायझ मोठा घेऊ नका. ब्लाउजला किंवा कुर्त्याला आपण अंगाच्या मापात सैलपणा मिळवतो, निटमध्ये ते काम कापडाचा ताण करतो. मोठा सायझ घेतला की सगळ्यात आधी खांदे उतरतात आणि मग गळा पुढे लोंबतो, आणि या पॅटर्नचा गळा मुळातच मोठा आहे.

प्रिंटिंग. ए-फोर कागदांवर प्रिंट काढून ते सेलोटेपने जोडायचे, घरी प्रिंटर नसेल तर झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह किंवा व्हॉट्सॲपवर पीडीएफ द्यायची, पण दुकानदाराला आठवणीने सांगा की "फिट टू पेज" काढून टाका, शंभर टक्के साइझ ठेवा. ते सवयीने फिट टू पेज ठेवतात आणि मग सगळा टॉप थोडाथोडा लहान होतो. आधी फक्त टेस्टचा चौकोन असलेलं पान काढून घ्या, तिथेच उभं राहून पट्टीने मोजा, बरोबर असेल तर बाकीची पानं काढायला सांगा. जोडलेल्या कागदावरून मी सरळ कापत नाही, खाकी कागदावर माझा सायझ उतरवून घेते, कारण घरात दुसऱ्या कुणासाठी दुसरा सायझ लागतोच आणि एकदा कापलेला कागद परत जोडणं म्हणजे वैताग. भाग मोजकेच आहेत, पुढचा, मागचा, बाही, गळ्याची पट्टी आणि कोपराचा पॅच, म्हणजे अर्ध्या तासात उतरवून होतात.

आता कापड, ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

आपल्याकडे दुकानात "होजिअरी" या एका शब्दात सगळं येतं, बनियनचं पातळ कापड, टी-शर्टचं सिंकर म्हणजे सिंगल जर्सी, दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं इंटरलॉक, गळ्या-मनगटाला लावायची रिब, आतून लूप असलेली फ्रेंच टेरी, लेगिंगची कॉटन लायक्रा. हे सगळं वेगवेगळं वागतं. प्लँटेनला हलकं, अंगावर पडणारं, आडवं चांगलं ताणणारं जर्सी लागतं, त्याच्या खालच्या घेराला झोळ पडायला हवा तर तो छान दिसतो. जाड इंटरलॉक किंवा फ्रेंच टेरीत शिवला की तोच घेर छत्रीसारखा उभा राहतो आणि बाई आहे त्यापेक्षा रुंद दिसते. बहिणीने हट्टाने जाड कापड आणलं होतं, टॉप टिकाऊ झाला, थंडीत घालते, पण घेर बसला नाही तो नाहीच.

माझ्या अनुभवात 160 ते 190 जीएसएमचं कॉटन लायक्रा जर्सी यासाठी सगळ्यात चांगलं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. बनियनचं कापड यापेक्षा हलकं असतं, त्यातून आतलं दिसतं आणि मशीनखाली ते गोळा होतं. व्हिस्कोस लायक्राचा झोळ सुंदर पडतो, मुंबईच्या दमट हवेत अंगाला गारही लागतं, पण ते जड असतं, टांगून ठेवलं की लांबीत उतरतं आणि कापताना टेबलावरून घसरतं, म्हणून पहिला टॉप त्यात नको. पहिला सुती लायक्रात, दुसरा हवा त्यात.

दुकानात ताण बघायची पद्धत सोपी आहे. कापडाची आडवी घडी घाला, घडीवर दहा सेंटिमीटर चिमटीत धरा आणि पट्टीवर ताणा. सहज तेरापर्यंत गेलं तर 30 टक्के ताण, पंधरापर्यंत गेलं तर 50. पॅटर्नच्या पानावर काय मागितलंय त्याच्याशी ताडून बघा. पण ताणण्याइतकंच, खरं तर त्याहून जास्त, बघायचं असतं ते सोडल्यावर परत येतं का. चिमूट सोडा आणि बघत राहा. चांगलं कापड लगेच जागच्या जागी येतं. वाईट कापड दोन बोटांमध्ये लाटेसारखं पसरून राहतं, तिथे एक फुगवटा दिसतो. असं कापड कितीही सुंदर प्रिंटचं असलं तरी घेऊ नका, त्याचा टॉप दुपारपर्यंत कोपरावर आणि गळ्याला सैल पडतो. एका दुकानात मला "ताई, फोर-वे आहे, कसंही ताणा" (म्हणजे उभं-आडवं दोन्हीकडे ताणणारं) म्हणून जे दाखवलं ते ताणलं तर गेलं मस्त, परत आलं नाही, आणि दुकानदाराला मी हे दाखवलं तर तो म्हणाला धुतल्यावर येतं. धुतल्यावर थोडं येतं, हे खरं आहे, पण आपण टॉप घालतो तो धुण्याच्या मधल्या वेळात ना?

आपल्या देशातलं निटचं कापड मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूतल्या तिरुपूरला विणलं जातं आणि तिथून एक्स्पोर्टचा उरलेला मालही सगळीकडे येतो. होलसेलला ते मीटरवर नाही तर किलोवर विकतात, नवख्या माणसाला तिथे गोंधळायला होतं, म्हणून हिशोब देऊन ठेवते. 60 इंच पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, सुमारे दीड मीटर, 180 जीएसएमचं कापड असेल तर एका मीटरचं वजन साधारण 275 ग्रॅम, म्हणजे एका किलोत साडेतीन मीटरच्या थोडं वर कापड आलं. थ्री-फोर्थ किंवा फुल बाहीच्या टॉपला साधारण दीड मीटर लागतं, म्हणजे किलोभरात दोन टॉप आरामात आणि वर गळ्याच्या पट्ट्या, लहान मुलाचा एखादा टी-शर्टही. काही कापड नळीसारखं, म्हणजे कडा न कापलेलं येतं, ते एका रेषेत उभं कापून उघडून घ्यायचं.

घरी आणलं की आधी धुवायचं. हे ऐकायला कंटाळवाणं आहे तरी धुवाच. सुती निट आटतं आणि लांबीत जास्त आटतं, न धुता शिवलेला टॉप दोन धुण्यांत बेंबीवर येतो. टॉप पुढे जसा धुणार तसाच आधी कापड धुवा, मशीनमध्ये तर मशीनमध्ये, आणि वाळत घालताना दोरीवर उभं लोंबू देऊ नका, आडवं पसरा. धुतल्यावर आणखी एक गोष्ट कळते. सिंगल जर्सीला पीळ असतो, धाग्याच्या पिळामुळे आणि गोल मशीनवर विणलेलं असल्यामुळे, आणि तो पीळ धुतल्यावर बाहेर येतो, बाजारातल्या स्वस्त टी-शर्टची बाजूची शिवण हळूहळू पोटावर का येते याचं कारण हेच. म्हणून कापताना कडेला कड लावून घडी घालत बसू नका, कापडावर उभ्या बारीक रेघा असतात, जवळून बघा, डोळ्याला दिसतात, त्यातली एक रेघ धरून घडी घाला.

सुलट-उलट कळत नसेल तर आडवी कापलेली कड थोडी ओढा, जर्सी सुलट बाजूकडे गुंडाळतं. सुलटीवर बारीक व्ही व्हीसारखी वीण दिसते, उलटीवर अर्धगोल.

मशीनबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न असतो की ओव्हरलॉक, म्हणजे कापडाची कड कापत गुंफत शिवणारी मशीन, नाही तर जमेल का. जमतं, अगदी व्यवस्थित जमतं. माझ्याकडे घरगुती झिगझॅग मशीन आहे, उषा जनोमेची, आणि त्यावर सगळं होतं. शिवणीला अगदी अरुंद झिगझॅग, रुंदी अर्धा ते एक आणि लांबी अडीच मिलिमीटर, लांबून बघाल तर सरळ टीपच वाटते पण ताणल्यावर तुटत नाही. काही मशीनवर विजेच्या आकाराचा स्ट्रेच टाका असतो, तो मजबूत आहे पण उसवायला महाकठीण आणि पातळ कापडाला लाटा आणतो, त्यामुळे मी झिगझॅगच वापरते. दोरा पॉलिएस्टरचा, सुती नको, सुती दोरा ताण सहन करत नाही.

सुई मात्र बदलायलाच लागते. नेहमीच्या सुईचं टोक कापडाचा धागा भोसकतं, निटमध्ये धागा तुटला की तिथून घर सुटतं आणि बारीक भोक मोठं होत जातं. बॉलपॉइंट सुईचं टोक गोलसर असतं, ते धाग्यांच्या मधून वाट काढतं. लायक्रा जास्त असेल तर स्ट्रेच सुई, कारण लायक्रावर साधी सुई टाके सोडते. 11 नंबर, म्हणजे पाकिटावर 75/11 लिहिलेली, या वजनाच्या कापडाला बरोबर, आणि घरगुती मशीनला लागते त्या चपट्या दांड्याच्या सुयांमध्येच ती मिळते, ऑर्गन आणि ग्रोझ-बेकर्टच्या दोन्ही आपल्याकडे मिळतात. टाके सुटायला लागले की लोक मशीन मेकॅनिककडे नेतात. आधी सुई बदलून बघा.

ज्यांच्याकडे पायांची काळी मशीन आहे, फक्त सरळ टीप मारणारी, त्यांनीही नाराज होऊ नका. सुई आणि दोरा वर सांगितला तसा घ्या, टाका थोडा बारीक ठेवा आणि टीप मारताना कापड पुढून-मागून अगदी हलकं ताणून धरा, मग कोपऱ्यावरच्या पिको-फॉलवाल्याकडे नेऊन शिवणींच्या कडा ओव्हरलॉक करून घ्या (ते याला इंटरलॉक म्हणतात, वरच्या इंटरलॉक कापडाशी त्याचा संबंध नाही). हा मला फार चांगला मार्ग वाटतो, आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक बाजारात असा एक माणूस किंवा एक ताई बसलेली असते, परदेशातल्या शिवणाऱ्यांना ही सोय नाही म्हणून त्या हजारोंची ओव्हरलॉक मशीन घेतात. फक्त त्यांना आधी सांगा की निट आहे, कापड ओढू नका आणि मार्जिन जास्त कापू नका.

शिवायला घेतल्यावर खांद्याची शिवण पहिली. तिला आतून आधार द्या. टॉपचं सगळं वजन खांद्यावर असतं आणि तो ताणला की बाही खाली येते. पारदर्शक इलॅस्टिक मिळालं तर ते, नाहीतर त्याच कापडाच्या उभ्या काठाची अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी कापून शिवणीत धरून टाका. उभं जर्सी आडव्यापेक्षा खूप कमी ताणतं त्यामुळे ती पट्टी खांदा धरून ठेवते, पैसे शून्य.

मग गळ्याची पट्टी, आणि इथे घाई करू नका. घरी शिवलेला टी-शर्ट लांबून ओळखू येतो तो गळ्यावरून. पट्टी गळ्यापेक्षा लांबीने कमी असते आणि ती ताणून लावायची असते, तो फरक गळ्याला अंगाशी ओढून धरतो. पॅटर्नमध्ये पट्टीचा भाग दिलेला आहे, पण कंपनीने तो एका ठराविक ताणाचं कापड मनात धरून आखलेला असतो, तुमचं कापड त्यापेक्षा कमी-जास्त ताणत असेल तर तीच पट्टी एकीकडे गळा चुणवटते आणि दुसरीकडे उभी राहते. म्हणून मी गळा कापल्यावर तो शिवणीच्या रेषेवर टेप उभी धरून मोजते आणि त्याच्या 85 टक्के लांबीची पट्टी धरून बघते. गळा 70 सेंटिमीटर भरला तर पट्टी साडेएकोणसाठ, अधिक जोडाची मार्जिन. रिब वापरत असाल तर ती जास्त ताणते, तिला 75-80 टक्केही पुरतात. पट्टी नेहमी आडव्या ताणावर कापायची.

पट्टीची टोकं जोडून गोल करा, लांबीत घडी घालून इस्त्री करा, आणि मग पट्टीचे चार समान भाग, गळ्याचेही चार समान भाग, टाचणीने खुणा. इथे एक बारकावा आहे. गळ्याचे चार भाग म्हणजे पुढचा मध्य, मागचा मध्य आणि दोन खांदे असं नाही, कारण पुढचा गळा मागच्यापेक्षा खूप मोठा आहे. पुढचा आणि मागचा मध्य एकमेकांवर ठेवा आणि गळा ओढून सरळ धरा, मग जी दोन टोकं येतात ती तुमच्या बाजूच्या खुणा, त्या खांद्याच्या थोड्या पुढे येतात. खुणा जुळवून टाचा, पट्टी वरच्या बाजूला ठेवा आणि एकेका भागात फक्त पट्टी ताणत, खालचा गळा अजिबात न ताणता, टीप मारत जा. पहिल्यांदा कच्चा धागा घालून घेतलात तर फार बरं. टीप झाली की गळा चुरगळलेला आणि बिघडल्यासारखा दिसेल, घाबरू नका. वाफेची इस्त्री वरून धरा, कापडाला न टेकवता, आणि मग हाताने पट्टी आत-बाहेर नीट बसवून इस्त्री अलगद टेकवा, उचला, टेकवा, घासू नका. डोळ्यांसमोर पट्टी आत ओढली जाते आणि गळ्याला चिकटून बसते. मला हा क्षण दर वेळी आवडतो. त्यानंतर शिवणीच्या बाजूला सुलटीवरून एक अरुंद झिगझॅग टीप, म्हणजे मार्जिन आत उभी राहत नाही.

बाही सपाट जोडायची, म्हणजे बाजूची शिवण मारायच्या आधीच मुंढ्याला बाही लावायची आणि मग बाहीच्या टोकापासून टॉपच्या खालच्या कडेपर्यंत एकच लांब शिवण. ब्लाउजची बाही बसवताना जो घाम फुटतो तो इथे नाही, निटच्या बाहीला वर फारशी चुण नसते. खाचा जुळवा आणि चला.

खालची दुमड निटमध्ये लाटा मारते, सगळ्यांचीच मारते, कारण मशीनचा पाय वरून दाबतो आणि खालचे दात पुढे ओढतात, मध्ये कापड ताणलं जातं. मशीनवर पायाचा दाब कमी करायचा स्क्रू किंवा नॉब असेल तर तो सैल करा. नसेल तर दुमडीच्या आत फ्युजिंगची पातळ पट्टी इस्त्रीने चिकटवा, निटची ताणणारी फ्युजिंग मिळाली तर उत्तम, शर्टच्या कॉलरची कडक नको. ट्विन सुईने, म्हणजे एका दांड्याला दोन टोकं असलेल्या सुईने, दुमड अगदी दुकानातल्या टी-शर्टसारखी दिसते, वरून दोन समांतर टिपा आणि आतून झिगझॅग. चार मिलिमीटरची स्ट्रेच ट्विन सुई मी वापरते. पण ती फक्त झिगझॅग मशीनवर, काळ्या मशीनच्या पट्टीला एकच बारीक भोक असतं, तिथे ट्विन सुई आदळून तुटेल. आणि घेर वाढता असल्यामुळे दुमड दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी ठेवू नका, आतल्या बाजूला कापड जास्त होऊन चुण्या येतात.

आता आपल्या बांध्याबद्दल. भाचीला, जी सडपातळ आणि उंच आहे, तिला हा पॅटर्न जसाच्या तसा बसला. माझी उंची बेताची, मला छाती ते कंबर लांबी कमी करावी लागली, नाहीतर कंबरेची बारीक जागा कंबरेच्या खाली जाते आणि पाठीवर आडव्या घड्या पडतात. कागदावर मुंढा आणि कंबर यांच्या मध्ये आडवी रेघ मारा, तिथे दोन सेंटिमीटरची घडी घाला, पुढच्या आणि मागच्या दोन्ही भागांवर सारखीच, आणि बाजूची रेघ पुन्हा सरळ काढा. बहिणीचे दंड भरलेले आहेत आणि या पॅटर्नची फुल बाही निमुळती आहे, तिच्यासाठी बाहीच्या दोन्ही बाजूंना काखेपासून कोपरापर्यंत एकेक सेंटिमीटर वाढवला, मुंढाही तेवढाच खाली उतरवला म्हणजे जोड बरोबर येतो.

गळ्याबद्दल स्पष्ट मत. तो आपल्या सवयीच्या मानाने खोल आहे. ऑफिसला घालायचा असेल, वाकून काम करायचं असेल, लोकलमध्ये उभं राहायचं असेल तर पुढचा गळा दोन-तीन सेंटिमीटर वर घ्या, कागदावरच, खांद्याची रुंदी तीच ठेवून, आणि पट्टी पुन्हा मोजा. मी माझ्या सगळ्या टॉपना वर घेतलाय. भाचीला मूळचाच आवडतो, ती तसाच घालते.

सूचना थोडक्यात आहेत, चित्रं स्वच्छ आहेत. कधीच काही न शिवलेल्या मुलीला त्या अपुऱ्या पडतील असं मला वाटतं, गळ्याच्या पट्टीबद्दल वर मी जेवढं लिहिलंय तेवढं तिथे मिळत नाही. पण जिने एखादा फ्रॉक किंवा पेटीकोट शिवलाय तिला अडचण नाही, इंग्लिश फार येत नसलं तरी चित्रांवरून कळतं. शिवणीची मार्जिन पॅटर्नमध्ये धरलेलीच आहे, वरून अजून सोडू नका. हे लिहितेय कारण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. सिम्प्लिसिटी, मॅकॉल्ससारख्या अमेरिकन पाकिटांमध्ये बहुतेक वेळा दीड सेंटिमीटर धरलेली असते, कॅनडाच्या जॅलीच्या पॅटर्नमध्ये फक्त सहा मिलिमीटर, आणि बुर्डाच्या मासिकातल्या पॅटर्नमध्ये अजिबात नसते, आपण सोडायची. एकीची सवय दुसरीकडे लावली की टॉप तरी घट्ट होतो नाहीतर ढगळ. परदेशातून कुणी येत असेल तर अमेरिकन पाकिटं मागवायला हरकत नाही, त्यांच्या निटच्या पाकिटावर ताण मोजायची छापील पट्टीच असते, ती फार सोयीची. पण ते पॅटर्न पातळ टिश्यूवर येतात आणि तिथल्या टी-शर्टमध्ये सैलपणा जास्त धरलेला मला जाणवलाय. मला खांद्याला प्लँटेनच जास्त आवडला, आणि तो फुकट आहे.

कोपराचे पॅच मी एकदाच लावले, भाचीच्या राखाडी टॉपला मरून रंगाचे. पुण्याच्या डिसेंबरात शोभून दिसतात. मुंबईत फुल बाहीच नको वाटते, तिथे हाफ बाहीचाच शिवा, कापडही सव्वा मीटरच्या आसपास भागतं.

आणि एक उपयोग जो मला या पॅटर्नमध्ये सगळ्यात कामाचा वाटला. घेर आधीच वाढता असल्यामुळे हा टॉप सरळ लांब करता येतो. बाजूची रेघ आहे त्याच तिरकसपणात खाली गुडघ्याच्या वरपर्यंत न्यायची, थ्री-फोर्थ बाही ठेवायची, बाजूला सीटपासून खाली कट द्यायचे आणि लेगिंगवर घालायची निटची कुर्ती तयार. कटाच्या वरच्या टोकाला आतून फ्युजिंगचा छोटा चौकोन चिकटवा, नाहीतर तिथून शिवण उसवते. कापड 60 इंची पन्ह्याचं दोन मीटर घ्या, उंच असाल तर सव्वादोन.